पिशवी काढा म्हणले, पण मावशीला कुणी विचारलं का?

या महिन्यात पत्रं आणि व्हॉट्सॲप धरून डॉक्टर म्हणून मला बरेच प्रश्न आले, त्यातले पाच घेतलेत. नावं गावं काढून टाकलीत, तालुका नाहीतर जिल्हा तेवढा ठेवलाय. गर्भाची पिशवी काढण्याच्या पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीय कारण तसे प्रश्न बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोद्याकडून दरवर्षी दसऱ्याच्या आधी येतेत, आणि उत्तर द्यायला उशीर झाला की मग ऑपरेशन होऊनच गेलेलं असतं.

प्रश्न : माझ्या मावशीचं वय ३४, तीन लेकरं आहेत. मावशी आणि काका दरवर्षी ऊसतोडीला कोल्हापूरकडं जातेत. मावशीच्या अंगावरून पांढरं जातं आणि पाळीत कंबर लई दुखते. प्रायव्हेट दवाखान्यात सोनोग्राफी केली तर डॉक्टर म्हणले पिशवी खराब झालीय, काढून टाका नाहीतर पुढं कॅन्सर होईल. काका म्हणतेत दसऱ्याच्या आत उरकून घेऊ, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली आहे. मावशी काहीच बोलत नाही. मी नर्सिंगला आहे म्हणून मला शंका येतेय. रिपोर्टचा फोटो पाठवलाय. (धारूर तालुका)

उत्तर : बाळ, फोटो नीट वाचला. त्यात लिहिलंय 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी थोडी मोठी. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच, तो काही आजार नाही. दुसरं लिहिलंय 'नॅबोथियन सिस्ट', म्हणजे पिशवीच्या तोंडावरचे बारीक फोड, ते कित्येक बायकांना असतेत आणि त्याला साधी गोळीसुद्धा लागत नाही. आतल्या अस्तराची जाडी नॉर्मल दिलीय, गाठ नाही, अंडाशयात काही नाही. मावशीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय शेवटचं सांगता येणार नाही, पण नुसत्या या कागदावर जर ऑपरेशन ठरलं असेल तर ते मला अजिबात मान्य नाही, ठरवणारा डॉक्टर कुणी का असेना.

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा इन्फेक्शन असतं. आतून तपासायचं, गोळ्यांचा कोर्स द्यायचा, आणि काही इन्फेक्शनमधे नवऱ्यालाही तोच कोर्स द्यायचा, नाहीतर महिन्याभरात परत तेच. मावशीला असा पूर्ण कोर्स कधी मिळाला का, आणि काकांनी त्यात एक तरी गोळी घेतली का, हे आधी विचार. आणि कॅन्सरचं म्हणशील तर कॅन्सरचं नाव घेण्याआधी त्याची तपासणी करायला पाहिजे ना! व्हीआयए म्हणून साधी तपासणी असते, पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड म्हणजे व्हिनेगरसारखंच द्रावण लावून बघतेत, काही मिनिटात कळतं, सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. पॅप आणि एचपीव्ही याही अशाच पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासण्या आहेत. संशय वाटला तर पुढं कोल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून बघणं आणि लागलं तर तुकडा काढून तपासणं आहे. यातलं काहीच न करता कॅन्सर होईल म्हणून सांगणं म्हणजे बाईला घाबरवून टेबलावर घेणं झालं.

पिशवी काढूच नये असं माझं म्हणणं नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी आहेत, औषधं घेऊन किंवा आत हार्मोनची तांबीसारखी वस्तू बसवून सुद्धा रक्तस्राव थांबत नाही आणि हिमोग्लोबिन पाच-सहावर आलंय, अंग बाहेर येतंय, अशा वेळी ऑपरेशन हाच योग्य मार्ग असतो आणि त्यानं बाईचं आयुष्य सुधारतं. पण ३४ व्या वर्षी पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं पण काढली तर पाळी एकदम कायमची जाते, अंगातून वाफा निघतेत, झोप जाते, हाडं लवकर ठिसूळ होतेत, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याचं वय अलीकडं येऊ शकतं. ज्या बाईला अजून वीस वर्षं डोक्यावर मोळी वाहायचीय तिला हे कुणी सांगितलंय का?

हे सगळं तुझ्या जिल्ह्यात नवीन नाही. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय देशभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, आणि सर्व्हे केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागं एक. देशाच्या सर्व्हेत १५ ते ४९ वयातल्या बायकांचं हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होतं. त्यानंतर बीडमधे प्रायव्हेट दवाखान्याला असं ऑपरेशन करायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची, म्हणजे सिव्हिल सर्जनची, परवानगी घ्यायचा नियम झाला. पुढं २०२२ मधे केंद्र सरकारनं विनाकारण पिशवी काढण्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यात लागू करायला सांगितलं. तेव्हा दवाखान्यात सरळ विचार, सिव्हिलची परवानगी घेतलीय का आणि कागद कुठं आहे.

आता डॉक्टर मंडळींची बाजू. मी त्यांच्यातलीच आहे त्यामुळं ती रोज ऐकते. ते म्हणतेत बाईच स्वतः म्हणते काढून टाका, आम्ही नाही म्हणलं तर शेजारच्या दवाखान्यात जाते, सहा महिने ती कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात फडावर असणार, गोळ्या देऊन फॉलोअपला बोलवायचं कुणाला. आणि परवानगीच्या नियमामुळं जिला खरंच गरज आहे ती बाई रक्त जात असताना बीडच्या चकरा मारते. यातलं शेवटचं मला पटतं, परवानगी एक-दोन दिवसात मिळाली पाहिजे आणि इमर्जन्सीला आड यायला नको. बाकीचं पटत नाही.

कारण बाई 'काढून टाका' का म्हणते ते बघा की. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, कोपीपाशी म्हणजे झोपडीपाशी संडास नाही, पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही, आणि पाळीत एक दिवस पडून राहिलं तर खाडा पडतो, नवरा-बायकोच्या जोडीच्या हिशोबातून पैसे कापतेत आणि उचल फिटत नाही. अशा बाईनं मागणी केली म्हणून डॉक्टर मोकळा होत नाही. तिला दुसरा रस्ता आहे हे ज्याला माहितीय त्यानं तो आधी सांगायचा, तिच्या भाषेत, नवऱ्याला आणि मुकादमाला बाहेर बसवून. ते सगळं ऐकून, समजून, मग ती हो म्हणली तर त्याला संमती म्हणता येईल. आणि खाड्यावर इलाज करायचा तो कारखाना आणि कामगार खात्यानं, सर्जननं नव्हे.

सहीचं पण बघून ठेव. भरती करताना जो फॉर्म देतेत तो बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत असतो, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी, नातेवाइकाची सही मोठ्या रकान्यात आणि पेशंटचा अंगठा कुठंतरी कोपऱ्यात. कोऱ्या जागेखाली अंगठा द्यायचा नाही, काय काढणार, अंडाशयं ठेवणार का, हे मराठीत लिहून घ्यायचं. २००८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल नेमका अशाच प्रकरणातला आहे. दिल्लीची ४४ वर्षांची बाई दुर्बिणीतून तपासणीसाठी भरती झाली होती, ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन पिशवी आणि अंडाशयं काढली. कोर्टानं सांगितलं की बाई सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं, आईची संमती चालत नाही. मग काकांची कशी चालेल? नवऱ्याची सही घ्यायची रीत आहे, पण मावशीच्या संमतीची जागा ती घेऊ शकत नाही.

तू एवढं कर. मावशीला अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडीला घेऊन जा, सगळे रिपोर्ट सोबत घे, दुसरं मत मागणं हा पेशंटचा हक्क आहे, त्यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही. जायच्या आधी मावशीला एकटीला बसवून विचार, तुला काय पाहिजे. ती बोलत नाहीये म्हणजे तिला मत नाही असं नाही. आणि ऑपरेशन खरंच लागलं तर त्यानंतर सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं, हे काकांना आत्ताच सांग, दसऱ्याच्या आधी टाके आणि दसऱ्यानंतर फड हे जमणार नाही.

प्रश्न : आमचे अण्णा ६६ वर्षांचे, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटलमधे ट्रीटमेंट चालू करायचीय. आम्ही तिघा भावांनी ठरवलं की अण्णांना सांगायचं नाही, खचून जातील. अल्सर आहे म्हणून सांगितलंय. पण तिथले डॉक्टर म्हणतेत आम्ही पेशंटशी बोलणार. त्यांना थांबवता येईल का? अण्णा रोज विचारतेत मला नेमकं काय झालंय. (परभणी)

उत्तर : दादा, तुमची माया कळते. आपल्याकडं घरोघरी हेच होतं आणि करणारे सगळे प्रेमापोटीच करतेत. पण ज्या बिल्डिंगवर कॅन्सर हॉस्पिटल लिहिलंय तिथं रेडिएशनच्या रांगेत बसून, शेजारच्या पेशंटशी बोलून, केस गेलेली माणसं बघून अण्णांना अल्सर आहे यावर किती दिवस विश्वास बसेल? शेतकरी माणूस आहे, त्यांना आत्ताच कळलेलं असायची शक्यता जास्त, आणि मग तुम्ही त्यांच्यापासून लपवताय आणि ते तुमच्यापासून, दोन्हीकडं एकटेपणा.

नियम काय म्हणतो तर थोडी गंमतशीर जागा आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतेत की आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नका, कमी करूनही सांगू नका, आणि पेशंट, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना पेशंटच्या हिताची ठरेल एवढी माहिती आहे याची खात्री करा. म्हणजे नातेवाइकांना जागा ठेवलीय. त्याच शब्दांवर बोट ठेवून आपल्याकडं वर्षानुवर्षं सगळं नातेवाइकांनाच सांगत आले. पण उपचाराला संमती द्यायची कुणी, तर ज्याचं शरीर आहे त्यानं, आणि किमो कशासाठी चाललीय हे माहिती नसताना दिलेली संमती कसली? वर जो २००८ चा निकाल सांगितला त्यातही हेच आहे, आजार काय, उपचार काय, धोका काय, दुसरे मार्ग कोणते, हे पेशंटला कळलं पाहिजे. त्यामुळं तिथले डॉक्टर बरोबर आहेत, त्यांना थांबवू नका.

मात्र सगळं एका दमात तोंडावर फेकायचं असंही नाही. काही पेशंट स्वतःच म्हणतेत, मला खोलात सांगू नका, माझ्या पोराशी बोला. तोही त्यांचा हक्कच आहे, फक्त तो त्यांनी वापरायचा, तुम्ही त्यांच्या वतीनं नाही. तेव्हा आधी विचारा, अण्णा, रिपोर्टबद्दल डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोलणार का आम्ही बोलू? ते 'मी बोलतो' म्हणले की बोलू द्या, तुमच्यातल्या एकानं शेजारी बसा. ते रोज विचारतेत म्हणजे उत्तर जवळजवळ दिलेलंच आहे त्यांनी.

आणि खचण्याचं म्हणाल तर सुरुवातीचे काही दिवस जड जातेत, रडतेत, जेवत नाहीत, हे खरं. पण न सांगितलेल्या पेशंटचं जास्त वाईट होताना बघितलंय. अल्सर असून गिळता का येईना, वजन का उतरतंय, पोरं कोपऱ्यात जाऊन फोनवर का बोलतेत, याच विचारात ती माणसं झुरतेत. सातबाऱ्याचं, सोसायटीच्या कर्जाचं, वाटणीचं काही मनात असतं, लेकीला भेटायचं असतं, पंढरपूरला जायचं असतं, आणि वेळ आहे तोवर ते कुणी करू देत नाही कारण 'तुम्हाला काही झालेलंच नाहीये'. दुखणं वाढलं की ते सांगत नाहीत, अल्सरला एवढं काय ओरडायचं म्हणून सहन करतेत, जेव्हा की मॉर्फिनच्या गोळ्या नीट दिल्या तर कॅन्सरचं बरंच दुखणं आटोक्यात येतं. पेन क्लिनिक नाहीतर पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचाराचं, त्याच डॉक्टरांना विचारून घ्या, ते शेवटच्या आठवड्यासाठी नसतं, पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं.

प्रश्न : पेशंटला दुसरीकडं हलवायचंय पण बिल पूर्ण भरल्याशिवाय फाइल देत नाही म्हणतेत. (लातूर)

उत्तर : फाइलची लेखी मागणी करा, तारीख टाकून पोच घ्या. २००२ च्या त्याच नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासात रेकॉर्ड द्यावं लागतं. ट्रान्सफर असेल तर रेफर चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी लगेच मागा, पुढच्या डॉक्टरला तेवढ्यानं सुरुवात करता येते. बिलाचा वाद वेगळा, तो वेगळा भांडता येतो, पण त्यासाठी पेशंट किंवा मयत माणसाचं शरीर अडवून ठेवता येत नाही. राज्याच्या नर्सिंग होम नियमात २०२१ मधे रुग्ण हक्कांची सनद घातलीय, ती आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. भिंतीवर नसेल तर मोबाइलमधे भिंतीचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतो.

प्रश्न : मी एमबीबीएस नंतर बॉन्डवर (सरकारी सेवेच्या करारावर) पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आशाताईंनी एक मुलगी नोंदणीला आणली, पाच महिन्यांची गरोदर, आधार बघितलं तर सतरा पण पूर्ण नाही. लग्न झालेलं आहे. पोलिसांना कळवलं तर नवरा आत जाईल म्हणून दोन्ही घरचे पाया पडतेत. आशाताई म्हणतात कळवलंत तर पुढच्या पोरी दवाखान्यात येणारच नाहीत, घरीच बाळंत होतील. मी काय करावं? (हिंगोली जिल्हा)

उत्तर : डॉक्टर, तुम्ही रजिस्टरमधे वय १९ लिहून मोकळे झाला नाहीत, त्यासाठी आधी मनापासून धन्यवाद. आपल्या भागात बालविवाह किती होतेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कायदा सांगते. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लग्न झालंय हा बचाव राहिलेला नाही, २०१७ मधे सुप्रीम कोर्टानं १८ च्या आतल्या बायकोबाबतची बलात्काराच्या कायद्यातली सूट काढून टाकली. २०२२ च्या निकालात कोर्टानं एक खिडकी उघडलीय, पण ती गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीपुरती, तिनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. तुमची पेशंट गरोदरपण ठेवणार असेल तर ही सोय तिला नाही. तेव्हा कळवावंच लागेल आणि ते लांबवू नका. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे.

पण आशाताईंचं म्हणणं खोटं नाही, आणि ते वरच्या लोकांनी ऐकलं पाहिजे असं मला फार वाटतं. या वयाच्या पोरीला रक्त कमी, बीपी वाढणं, झटके येणं, दिवस भरायच्या आधी बाळंत होणं, याचा धोका जास्त असतो, म्हणजे जिला दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज तीच भीतीनं लपून राहणार. गरोदरपण ठेवणाऱ्या मुलींनाही २०२२ सारखं ओळख झाकायचं संरक्षण मिळालं पाहिजे, म्हणजे त्या निदान तपासणीला येतील. माझं हे मत सगळ्या डॉक्टरांना मान्य नाही. काही जण म्हणतेत असं केलं तर बालविवाह लावणारे मोकाट सुटतील, आणि त्यात तथ्य आहे. लग्न लावणाऱ्यांवर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई व्हायलाच पाहिजे. पण त्याची किंमत पोरीच्या तब्येतीतून वसूल व्हायला नको.

तुमच्या हातात काय आहे तर क्रम. आधी तपासणी, हिमोग्लोबिन, बीपी, सोनोग्राफीची तारीख, लोहाच्या गोळ्या, हे सगळं त्याच दिवशी, पोलिसांची वाट बघत नाही बसायचं. मग सासूला आणि आईला बाहेर बसवून, सिस्टरला सोबत घेऊन मुलीशी बोला. दोन्ही घरचे पाया पडतेत असं तुम्ही लिहिलंय, पण मुलगी काय म्हणते ते तुमच्या पत्रात एका ओळीत पण नाही. तिला मारहाण होते का, शाळा कधी सुटली, हे गरोदरपण तिला पाहिजे का. पाच महिन्यांना, म्हणजे २४ आठवड्यांच्या आत, अल्पवयीन मुलीला कायद्यानं गर्भपात करता येतो, दोन डॉक्टरांचं मत आणि पालकांची संमती लागते, आणि दिवस थोडे राहिलेत. कळवणार आहे हे पोलिसांच्या आधी तिला तुमच्या तोंडून कळू द्या, का कळवतोय ते सांगा, आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीशी स्वतः बोला, म्हणजे तिला कुठं ठेवायचं यात तिचं मत विचारलं जाईल. पुढच्या तपासणीला ती आली नाही तर आशाताईंना घरी पाठवा, शक्य असेल तर तुम्ही स्वतः जा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ७३. मला शेवटी व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. मुलगा म्हणतो काहीही झालं तरी सगळं करणार. मी आधी लिहून ठेवलं तर चालतं का? (नांदेड)

उत्तर : चालतं, बाई. २०१८ मधे सुप्रीम कोर्टानं असा कागद मान्य केला आणि २०२३ मधे पद्धत सोपी केली. आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं होण्याची आशा नाही अशी वेळ आली आणि मला बोलता येत नसेल तर कोणते उपचार नकोत, आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावं, हे स्पष्ट लिहा, एकापेक्षा जास्त नावं देता येतात. यात इंजेक्शन देऊन मरण आणणं येत नाही, ते आपल्याकडं गुन्हा आहे. फक्त बरं न करता नुसतं लांबवणारे उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं येतं. वेळ आली की हॉस्पिटलचं एक मंडळ आणि बाहेरचे डॉक्टर असलेलं दुसरं मंडळ बघून ठरवतं, त्यामुळं कुणी घाईनं कागद वापरेल ही भीती नको. आणि मन बदललं तर कागद कधीही रद्द करता येतो.

मुलाचं म्हणाल तर त्याला आयसीयूच्या दारात हा कागद पहिल्यांदा दिसायला नको. लिहायच्या आधी त्याच्याशी बोला, त्याला कशाची भीती वाटते ते विचारा, बहुतेक पोरांना लोक काय म्हणतील याचीच जास्त असते, आईसाठी पैसा वाचवला असं भावकीत कुणी बोलेल म्हणून. साक्षीदाराच्या सहीच्या दिवशी त्याला सोबत घ्या. एक कॉपी त्याच्याकडं, एक फॅमिली डॉक्टरकडं आणि एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं जमा करून पोच घ्या.